सासूबाईंचे ओझोनी : पुढच्या पिढीने नेमकी कोणती चव उचलावी?

सेतोकाठ (धागालेखिका)

नमस्कार.

माझे सासर जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा प्रीफेक्चरमधल्या कानोन्जी शहराजवळ आहे. लग्नाला यंदा १७ वर्षे झाली. एरवी आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि १३ वर्षांची लेक, कावासाकीला राहतो. पण २७ डिसेंबरला सकाळी निघायचे, ओकायामाला शिंकान्सेन सोडून दुसरी गाडी धरायची, सेतो-ओहाशी पुलावरून समुद्र ओलांडायचा आणि दिवेलागणीला सासूबाईंच्या दारात उभे राहायचे, हा क्रम करोनाची दोन वर्षे वगळता कधी चुकलेला नाही. यंदा तिथून परतताना मनात एक प्रश्न घेऊन आले आहे. जपानी घरांशी नात्याने किंवा कामाने जोडलेली बरीच मंडळी येथे लिहितात, म्हणून तो सविस्तर मांडते.

ज्यांना जपानी नववर्षाच्या सणाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. जपानने १८७३ साली सौर दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हापासून तिथले नववर्ष १ जानेवारीला येते, आणि घरोघरी त्याहून मोठा सण नाही. पहिले तीन दिवस चूल शक्यतो पेटवायची नाही असा जुना रिवाज असल्यामुळे, टिकतील असे गोड, खारट आणि आंबट पदार्थ आधीच करून थराथरांच्या लाखी डब्यात रचून ठेवतात. हे ओसेची. हेरिंग माशाची गाभोळी घरात लेकरेबाळे नांदावीत म्हणून, पाठीत वाकलेली कोळंबी म्हातारपणापर्यंत आयुष्य मिळावे म्हणून, कमळकाकडीचे भोकाभोकांचे काप पुढचे दिसावे म्हणून, आणि पाकात घोळवलेले सुके मासे शेत पिकावे म्हणून, कारण पूर्वी तेच मासे भातखाचरांत खत म्हणून घालत. दुसरा पदार्थ ओझोनी, म्हणजे मोची (चिकट भात कुटून केलेल्या वड्या) घातलेले सार, जे वर्षाच्या पहिल्या सकाळी खातात. ओसेचीचा डबा देशभर थोड्याफार फरकाने सारखा दिसतो. ओझोनी मात्र प्रांताप्रांतात आणि कित्येकदा एकाच गल्लीतल्या दोन घरांत निराळे असते. टोकियोकडे चौकोनी मोची भाजून नितळ सारात सोडतात, तर क्योटो-ओसाकाकडे गोल मोची पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या, दाट सारात असते. आमच्या कागावात त्या गोल मोचीच्या पोटात अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण भरतात आणि ती खारट-गोडसर मिसोच्या सारात सोडतात. साखर हे एके काळी ताकामात्सु संस्थानाच्या उत्पन्नाचे पीक होते, पिकवणाऱ्यांना ती सहजी चाखायला मिळत नसे, म्हणून नववर्षाला तरी मोचीच्या आत लपवून खावी, अशी त्यामागची कथा सासूबाई सांगतात. पहिल्या वर्षी मला तो घास गिळवला नव्हता. आज त्यावाचून वर्ष सुरू झाल्यासारखे वाटत नाही.

२८ तारखेला मोची कुटायची. २९ टाळतात, कारण नऊचा उच्चार 'कु' आणि 'कु' म्हणजे कष्ट. ३१ टाळतात, कारण देवासाठी एका रात्रीपुरती घाई करणे बरे नव्हे. त्याच दिवशी सकाळी सासूबाई टेबलावर वर्तमानपत्र पसरून इरिको निवडायला बसतात. इरिको म्हणजे उकडून वाळवलेले बोटभर मासे, आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले. समोरच्या इबुकी बेटावरचे इरिको जपानभर नावाजलेले आहेत. चिमटीत धरून डोके मोडायचे, मासा उभा फाडायचा, नखाने पोटातली काळी गाठ काढायची आणि दोन फाका वाडग्यात टाकायच्या. ती गाठ राहिली तर साराला कडवटपणा येतो. सासूबाईंची बोटे हे करताना एकीकडे बोलणे चालू असते, नजर टीव्हीवर असते आणि तरी एकही गाठ वाडग्यात जात नाही. मग ते मासे रात्रभर गार पाण्यात भिजतात, आणि त्या पाण्याचे सार होते.

आता प्रश्न. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गेली तीन वर्षे त्यांचे ओझोनी खारट होत चालले आहे. आधी मला तो माझ्या जिभेचा दोष वाटला, पण यंदा यजमानांनी वाडग्यात हळूच गरम पाणी ओतून घेतले, आणि ते सासूबाईंनी पाहिले. कोणीच काही बोलले नाही. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा कोणाला वाढलेही नाही.

त्यांची एक वही आहे. तिच्यात ओझोनीच्या पानावर मुळा, तांबडे गाजर, दोन्ही गोल कापावीत म्हणजे वर्षभर घरात कोणाला कोपरे टोचणार नाहीत, एवढे सगळे आहे. पण मिसोपुढे फक्त 'नेहमीइतका' असे लिहिले आहे. नणंदबाई ताकामात्सुला असतात. त्यांनी गेल्या वर्षी आईचा हात थांबवून मिसो काट्यावर तोलून घेतला आणि आकडा लिहून ठेवला. मी भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करून ठेवले. आता लक्षात येते की आम्ही दोघींनी जपून ठेवले ते या तीन वर्षांतले खारट ओझोनी. यजमानांच्या लहानपणचे ओझोनी फक्त त्यांच्या जिभेवर आहे, आणि ते स्वतः स्वयंपाक करत नाहीत. माझ्या लेकीने कोणते शिकावे?

एक मत आधीच नोंदवते. ओसेचीचा डबा विकत आणायला माझी हरकत नाही, आमच्याकडे तो सहा वर्षांपासून विकतच येतो. ओझोनी मात्र विकत आणता येत नाही, आणि एखाद्या जपानी घराकडे पुढे देण्यासारखे एकच काही उरणार असेल तर ते ओझोनीच असावे, असे मला मनापासून वाटते.

पाणकणीस

सेतोकाठताई, फार मोलाचा विषय काढलात. तुमच्या शेवटच्या मताशी मात्र मी सहमत नाही.

मी क्योटो प्रीफेक्चरच्या तांबा भागात ९ वर्षे राहिले. तिथली काळी सोयाबीन टपोरी असते आणि नववर्षाच्या कुरोमामेसाठी, म्हणजे काळ्या सोयाबीनच्या गोड पदार्थासाठी, सगळीकडून मागवली जाते. 'मामे' म्हणजे दाणा आणि 'मामे' म्हणजे धडधाकट, कष्टाळूही. म्हणून ते डब्यात लागतेच. शेजारच्या आजींनी मला ते शिकवले. साखर, थोडा सोया सॉस आणि मीठ घातलेल्या पाण्यात दाणे रात्रभर भिजवायचे, त्यात फडक्यात गुंडाळलेले गंजके खिळे टाकायचे म्हणजे काळा रंग चकाकतो, आणि दुसऱ्या दिवशी अगदी मंद आचेवर सहा ते आठ तास शिजवायचे. दाणे सतत पाण्याखाली हवेत. शिजल्यावर त्याच पाकात पूर्ण निवू द्यायचे. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. रात्र झाली होती, मी घाईने दाणे झाऱ्याने उपसून ताटात पसरले, आणि पाहता पाहता सगळे सुरकुतले. मी रडवेली होऊन आजींकडे गेले. त्यांनी एक दाणा खाल्ला आणि म्हणाल्या की पूर्वेकडे मुद्दाम असेच करतात, सुरकुत्या पडेपर्यंत जगावे म्हणून. तू त्यांच्या पद्धतीचे केलेस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या माझ्या दारात होत्या, नवे दाणे घेऊन.

हा दिवस मला विकतच्या डब्याने दिला नसता. डबा विकत आणायला हरकत नाही म्हणताना त्यातला एक तरी पदार्थ घरी व्हावा, एवढे तरी म्हणावे. चूल आठ तास मंद पेटलेली असते, कोणालातरी तिच्याजवळ बसावे लागते, आणि बसलेली दोन माणसे बोलतात.

दुसरी_ओळ

मी पुण्यात २६ वर्षे जपानी भाषा शिकवली. या विषयाला एक इतिहास आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय सेतोकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही.

१८९८ सालच्या नागरी कायद्याने घराणे हा कुटुंबाचा पाया ठरवला. थोरला मुलगा वारस, आणि त्याची बायको लग्नाने त्या घराण्याची होई. त्यामुळे ओझोनीची चव आईकडून मुलीकडे कमी आणि सासूकडून सुनेकडे जास्त गेली. सुनेला स्वतःच्या आईचे ओझोनी माहेरी सोडून यावे लागे. जी परंपरा आपण 'पिढ्यानपिढ्या चालत आलेली' म्हणतो, तिच्यात दर पिढीला एका बाईने आपल्या जिभेवरची पहिली चव बाजूला ठेवलेली असते. १९४७ साली ही घराणेपद्धत कायद्यातून गेली. आज कित्येक जोडपी १ तारखेला एका बाजूचे आणि २ तारखेला दुसऱ्या बाजूचे ओझोनी करतात, आणि मला तो अतिशय न्याय्य तोडगा वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, युद्धोत्तर काळात तरुण जोडपी शहरात आली आणि सासू गावी राहिली, तेव्हा शिकवणार कोण हा प्रश्न आला. ते काम मासिकांनी आणि दूरचित्रवाणीने उचलले. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर १९५७ सालापासून पाककृतींचा एक दैनंदिन कार्यक्रम चालू आहे. सुरुवातीला त्यातली प्रमाणे ५ माणसांसाठी असत, १९६५ पासून ती ४ माणसांसाठी झाली आणि २००९ पासून २ माणसांसाठी. जपानी कुटुंबाचे काय झाले हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही. ओसेचीचा डबा तर २ माणसांसाठी करणे जवळपास अशक्य. पंधरा-वीस पदार्थ चार-चार घास करायचे म्हणजे श्रम तेवढेच. तो दुकानाकडे गेला याचे मला नवल वाटत नाही.

तिसरी गोष्ट यजमानांबद्दल. जपानी शाळांत गृहविज्ञान हा विषय मुलग्यांना सक्तीने लागू झाला तो माध्यमिक स्तरावर १९९३ साली आणि उच्च माध्यमिक स्तरावर १९९४ साली. त्याआधीच्या मुलग्यांच्या हातात शाळेने पळी दिली नाही आणि घरानेही दिली नाही. आपले यजमान बहुधा त्याच पिढीतले असावेत. खरी चव ज्याला आठवते त्याच्या हाताला काम येत नाही, आणि जिच्या हाताला काम येते तिला ती चव आठवत नाही, अशी आपल्या घरातली अडचण या पिढीच्या पुष्कळ घरांत असणार. म्हणून माझी सूचना अशी की यंदा यजमानांनाच चुलीपाशी उभे करावे.

सेतोकाठ

दुसरी_ओळ बाई, आपला अंदाज अचूक आहे. यजमानांनी १९९२ साली शाळा सोडली. आपला प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'आईने तिचे ओझोनी सोडले होते का?' हा प्रश्न त्यांनी पन्नाशीत प्रथमच विचारला. सासूबाईंचे माहेर समुद्रापलीकडे ओकायामाकडचे आहे. म्हणजे पुरण भरलेली मोची त्यांनाही पहिल्या वर्षी माझ्यासारखीच विचित्र लागली असणार. १७ वर्षांत त्यांनी मला हे कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही.

पाणकणीस, एक तरी पदार्थ घरी, हे तुमचे म्हणणे मान्य. मी जरा घाईने लिहिले होते.

उत्तरवारा

आम्ही साप्पोरोला असतो. होक्काइदोत ओसेची ३१ तारखेच्या संध्याकाळीच उघडतात, हे ऐकून बाकीचे जपानी चकित होतात. इथली बहुतेक कुटुंबे मेइजी काळात (१८६८–१९१२) वेगवेगळ्या प्रांतांतून वसाहतीसाठी आली, त्यामुळे इथे 'होक्काइदोचे ओझोनी' असे एक नाहीच. माझ्या पत्नीच्या घरी सॅमन मासा आणि त्याची नारिंगी गाभोळी घालतात, म्हणजे त्यांचे पूर्वज निइगाताचे. शेजारी गोल मोची करतात, म्हणजे ते पश्चिमेकडचे. घराण्याचे कागद हरवले, बोली विसरली गेली, पण वाडग्यावरून मूळ गाव अजून सांगता येते. त्यामुळे ओझोनी आधी वाचवावे या सेतोकाठ यांच्या मताच्या बाजूने मी उभा आहे. चवीत थोडा मिसो कमीजास्त झाला तरी चालेल, मोचीच्या पोटातले पुरण जाऊ देऊ नका.

नागोयावासी

आमच्याकडे ओझोनीत चौकोनी मोची, एक पालेभाजी आणि वर कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस, एवढेच असते. त्या भाजीचे नावच 'मोचीना'. मोची आणि भाजी चॉपस्टिकने एकत्र उचलायची, कारण भाजीला 'ना' म्हणतात, नावालाही 'ना' म्हणतात, आणि मोची या शब्दात उचलणे आहे. म्हणजे नाव वर काढणे.

मला एक साधी शंका विचारायची आहे. गेल्या काही वर्षांत सासूबाईंनी मोचीचा आकार बदलला आहे का? मोची घशात अडकून वृद्ध माणसे दगावतात, टोकियोचे अग्निशमन दल दर डिसेंबरला सावधगिरीच्या सूचना देते, त्यामुळे पुष्कळ घरांत मोची लहान करू लागले आहेत. साध्या मोचीला त्याने फरक पडत नाही. तुमच्या मोचीत पुरण आहे. लहान मोचीचे आवरण पातळ होणार, ते सारात फुटणार, साखर सारात उतरणार. मग सार गोड लागले म्हणून कोणीही मिसो वाढवेल.

सेतोकाठ

नागोयावासी, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. नणंदबाईंना लगेच दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले की तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका आजोबांच्या घशात मोची अडकली होती, ते वाचले, पण तेव्हापासून सासूबाई मोची पूर्वीच्या निम्म्या आकाराच्या वळतात. मी स्वतः त्या वळू लागले आहे! माझ्या हातांना तो फरक कळला होता, डोक्याला नाही.

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकले होते की आईची जीभ गेली. यजमानांनी ओतलेले ते गरम पाणी मला आता फार बोचते आहे.

भाजीभाकर

थोडे वेगळे विचारते, क्षमस्व. आम्ही शाकाहारी आहोत आणि मुलीच्या शिक्षणानिमित्त पुढच्या वर्षी ओसाकाला असू. ओझोनी शाकाहारी होऊ शकते का?

पाणकणीस

होऊ शकते. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या शिताके अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजवून जे पाणी मिळते, त्यावर बौद्ध मठांचा सगळा स्वयंपाक चालतो. ओसाकाकडचे पांढऱ्या मिसोचे सार त्यात उत्तम होते. फक्त कोंबू ठेवून पाणी खळखळ उकळू देऊ नका, उकळी फुटण्याआधी काढून घ्या. बाहेर खाताना मात्र विचारून घ्यावे, कारण वरून भाजीचे दिसणारे सार बहुधा माशाच्या पाण्यातले असते.

दुसरी_ओळ

नागोयावासी यांनी दाखवलेली गोष्ट मला पुस्तकात कधी सापडली नसती. २०१३ साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा नोंदीच्या नावातच नववर्षाच्या सणाचा उल्लेख केला होता, आणि २००५ साली संमत झालेल्या आहारशिक्षणाच्या कायद्याखाली शाळांतून स्थानिक पदार्थ शिकवले जातात. हे सगळे चांगलेच आहे. पण मोची लहान का झाली हे अशा कोणत्याही नोंदीत येत नाही. ते विचारायला घरचेच माणूस लागते.

अवांतर वाटेल, तरी लिहिते. देवापुढच्या मोचीवर जे आंबट संत्रे ठेवतात त्याला 'दाइदाइ' म्हणतात. ते फळ पिकले तरी गळत नाही, दोन-तीन वर्षे झाडावर राहते, त्यामुळे जुनी आणि नवी फळे एकाच फांदीवर दिसतात. 'दाइदाइ' याचा दुसरा अर्थ पिढ्यानपिढ्या असा आहे.

सेतोकाठ

सर्वांना कळवायचे होते म्हणून पुन्हा लिहिते आहे.

गेल्या रविवारी आम्ही कावासाकीत ओझोनी केले. येताना सासूबाईंनी गोठवलेल्या १२ मोची बांधून दिल्या होत्या, त्या निम्म्या आकाराच्याच. पडद्यावर सासूबाई, शेजारी नणंदबाई, आणि इकडे चुलीपाशी यजमान व लेक. मी मुद्दाम मागे बसले. सुरुवातीलाच यजमानांनी आईला गरम पाण्याबद्दल माफी मागितली. सासूबाईंनी हात हलवून तो विषय बाजूला केला, पण चष्मा काढून पुसला.

या वेळी मोची वेगळ्या पातेल्यात साध्या पाण्यात मऊ केल्या. १२ पैकी ५ फुटल्या आणि ते पाणी तांबूस, गोड झाले. म्हणजे नागोयावासी यांचे म्हणणे खरे निघाले. सार वेगळे राहिल्यामुळे मिसो गेल्या वर्षी तोललेल्या आकड्यापेक्षा बराच कमी लागला. पण सगळे एवढ्यावर सुटले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आम्ही सांगितलेले प्रमाण ऐकून सासूबाई म्हणाल्या की हे फार कमी आहे, तेव्हा नणंदबाईंनी आमच्याकडे पाहिले. जिभेवरही थोडा वयाचा परिणाम असावा. सासूबाईंनी बहुधा तेही ओळखले, कारण त्यानंतर त्यांनी प्रमाणाबद्दल बोलणे सोडले आणि लेकीला पळी उलटी धरायला सांगितली. पळीच्या पाठीवर मिसोचा पातळ थर बसायला हवा, बोट ओढले तर रेघ उमटावी आणि तीन मोजेपर्यंत बुजावी. गॅस बंद केल्यावर सार हलायचे थांबू द्यावे, मगच मिसो लहान गाळणीतून विरघळवावा, एकदम सगळा कधीही घालू नये. यातले एकही वाक्य वहीत नाही. १७ वर्षे मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि पळीच्या पाठीकडे कधी पाहिले नाही.

चव पाहण्याचा मान लेकीला दिला. नववर्षाच्या सकाळी ओतोसो ही मसाल्यांची साके घेतात, तेव्हा पहिला पेला घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे जातो आणि मग वयाने वर वर चढत शेवटी सर्वांत वडील माणसाकडे पोहोचतो. लहानाची उमेद मोठ्यांना मिळावी अशी त्यामागची समजूत. लहान मुले फक्त ओठ लावतात. सासूबाई म्हणाल्या की यापुढे ओझोनीही त्याच क्रमाने चाखायचे. लेकीने एक घोट घेतला, थोडा मिसो मागितला, पुन्हा घोट घेतला आणि पळी वडिलांकडे दिली. यजमान काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, जवळ आले आहे, पण आई त्या वेळी वर हिरव्या शेवाळाची पूड घालायची. सासूबाई पडद्यावर एकदम सरळ बसल्या. ती पूड त्यांच्या सासूबाई घालत, त्या गेल्यावर यांनी बंद केली, कारण ती यांना कधीच आवडली नव्हती.

मी त्यांना ओकायामाकडच्या ओझोनीबद्दल विचारले. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या की त्यात बुरी मासा असायचा आणि मोचीत काही नसायचे, २ जानेवारीला करून पाहू, मला आता नीट आठवते की नाही कोण जाणे. येत्या डिसेंबरमध्ये १ तारखेचे कागावाचे आणि २ तारखेचे त्यांच्या माहेरचे, असे ठरले आहे.

पाणकणीस

वाचून डोळे भरून आले. शेवाळाची पूड घालणार की नाही, तेवढे कळवा. कुरोमामेसाठी तांबा भागातले दाणे मी माझ्या ओळखीतून तुम्हाला पाठवीन, नोव्हेंबरअखेर आठवण करावी.

सेतोकाठ

पूड वेगळ्या वाटीत ठेवायची, ज्याला हवी त्याने घ्यावी, असे सासूबाईंनीच सांगितले. दाणे नक्की पाठवा. आठ तास बसण्याची तयारी लेकीने दाखवली आहे.

आज कानोन्जीहून एक खोके आले. आत अर्धा किलो इरिको होते. डोकी काढून पोट साफ केलेले इरिको तिथल्या दुकानांत सहज मिळतात, पण हे अख्खे होते, आणि वर चिठ्ठीत नातीचे नाव लिहून 'शाळेतून आल्यावर, थोडे थोडे' एवढेच लिहिले होते. आत्ता ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली आहे. वाडग्यात आतापर्यंत अकरा मासे पडले आहेत आणि त्यांतल्या तिघांच्या पोटात काळी गाठ तशीच आहे.